मढच्या रोझी आंटीचा ब्रेड

८ फेब्रुवारी

ही वही शूटिंगवरून उचललेली आहे. कव्हरवर एका सीरियलचं नाव आहे, ती तीन महिन्यांत बंद पडली. मी पण काही सुरू केलं की तेवढंच टिकतं, म्हणून ही डायरी किती चालेल माहीत नाही. पण आज कुठेतरी ओकायलाच पाहिजे, नाहीतर समोरचं दार तोडून येईन.

काल रमाई जयंती. आईने दरवर्षीसारखी खीर केली, स्टीलच्या डब्यात भरली आणि समोरच्या उत्तराकाकूंकडे दिली. आमची जुनी बिल्डिंग रिडेव्हलपला गेली आणि आम्ही इथे मुलुंडला आलो तेव्हा मी दुसरीत होतो, तेव्हापासूनचं हे आहे. जयंती, बुद्धपौर्णिमा, दिवाळी, डबा जाणार. काकू दारात म्हणणार, "अगं चंपाताई, कशाला गं एवढा त्रास!" दुसऱ्या दिवशी डबा लखलखीत घासून परत. आत मूठभर साखर. रिकामा डबा परत देऊ नये ना.

आज सकाळी खाली गेलो तर पंपाच्या खोलीच्या पायरीवर शकुमावशी बसलेली. काकूंकडे भांडी घासते ती. हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत खीर.

"तुझ्या आईच्या हाताला काय चव आहे रे धम्मा!"

मी म्हटलं, "काकूंनी दिली होय?"

"देतातच की. तुमच्याकडचं आलं की ते माझंच. दिवाळीचं, जयंतीचं. काकू म्हणतात, आमच्याकडे हे चालत नाही, तू ने. तुझ्या बारावीचे पेढे तेवढे ठेवले होते त्यांनी. ते दुकानातले होते ना."

ती बिचारी कौतुकच करत होती. मी तिला हसून दाखवलं. वर येऊन बाथरूममध्ये नळ सोडून उभा राहिलो.

त्याच काकूच्या हातचं थालीपीठ मी ताट चाटून खाल्लंय. आई पोस्टातून यायला उशीर झाला की मी त्यांच्याकडेच बसायचो, पाढे म्हणायचो. तेव्हा चाललं. आमच्या घरचं त्यांच्या घरात चालत नाही. आमच्या घरचा मी चालतो!

ठरवलं. हिला आमच्या चुलीवरचं खायला घालणार. रोज. आणि मग सगळ्या बिल्डिंगसमोर सांगणार. आईला यातलं काही सांगणार नाही. तिला कळलं तर खचेल ती.

१० फेब्रुवारी

देव असेल तर तो बदला घेणाऱ्यांच्या बाजूने आहे. काकूंचा सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज: "ह्यांना डॉक्टरांनी यीस्ट बंद केले आहे. सकाळी टोस्टशिवाय चालत नाही. यीस्ट नसलेला ब्रेड कुठे मिळेल का? कळावे."

मला मिळेल! कसोलला एका हॉस्टेलमध्ये मी भांडी घासायचो, कॉलेज सोडलं त्या वर्षी. तिथला कुक थंडीत यीस्ट फुगत नाही म्हणून ताक आणि खायचा सोडा घालून ब्रेड करायचा. तिथे एक कुत्रा होता, त्याला फक्त कडेचा कडक भाग आवडायचा. नाव विसरलो. चांगला कुत्रा होता.

तर मी लगेच बेल वाजवली. म्हटलं, काकू, मी मढला बंगल्यांवर शूटिंगला जातो ना स्पॉटबॉयच्या कामाला, तिथे गावात एक आंटी आहे. रोझी आंटी. ती घरी करते असला ब्रेड.

"ख्रिश्चन आहे का?"

"हो."

"मग छानच. त्या लोकांचा हात असतो बेकिंगवर. पैसे किती घेते?"

"घेतच नाही. हौस आहे तिला."

हे का बोललो माहीत नाही. तोंडातून आलं. पण पैसे घेतले असते तर तो धंदा झाला असता, आणि मला धंदा नाही करायचा.

१३ फेब्रुवारी

वाट लागली. घरात ओव्हन नाही. आईच्या जाड पातेल्यात तळाला मीठ पसरलं, वर जाळी, त्यावर केकचा डबा, वर झाकण. हे सगळं बरोबर. गव्हाचं पीठ, थोडा मैदा, मीठ, सोडा, आईचं आंबट ताक. हेही बरोबर. कालवलं आणि तेवढ्यात समोरच्या टॉवरवर क्रेनने कोणाचा तरी सोफा वर चढवत होते. अकराव्या मजल्यावर सोफा! मधेच तो गोल फिरायला लागला, खालचे लोक ओरडतायत, एक जण त्यालाच सूचना देतोय, सोफ्याला. पूर्ण बघून आलो.

सोडा कोणासाठी थांबत नाही. ताक लागलं की त्याचं काम सुरू. मी येईपर्यंत सगळा गॅस उडून गेला होता. जे भाजून निघालं त्याने खिळा ठोकता आला असता.

आई आली. "काय रे, वीट भाजली का? आणि माझं पातेलं काहून काळं केलं?"

म्हटलं ब्रेड शिकतोय. तिने तुकडा तोडून चघळला, बराच वेळ. म्हणाली, "ताक जास्त आंबट घे. आणि जागचा हलू नको."

१६ फेब्रुवारी

जागचा हललो नाही. फोन आईच्या कपाटात टाकला. पातेलं आधी तापवून ठेवलं, मग ताक ओतलं, चार हात मारले, गोळा डब्यात, वर सुरीने फुलीसारखी खोल चीर आणि लगेच झाकण. फुली मारली नाही तर मध्ये कच्चा राहतो.

फुगला. फुलीचे चार कोपरे वर उचलले गेले. डक्टकडची खिडकी उघडी होती म्हणून बरं, नाहीतर वासाने घर भरलं असतं.

ब्राऊन पेपरात गुंडाळून समोर दिला. काकूंनी पेपर उघडला. "अगं बाई, अजून गरम आहे! आणि क्रॉस काढलाय बघ वर. देवाचं नाव घेऊन करत असेल बिचारी."

नंदकाका आत पेपर वाचत होते. चष्म्यावरून बघत म्हणाले, "मढहून मुलुंड. आणि गरम."

"जाड टॉवेलात गुंडाळून देते ती, काका."

"असेल, असेल," काका म्हणाले. "टॉवेल चांगला आहे."

संध्याकाळी काकूंचा मेसेज: "दोघांनी खाल्ला. ह्यांना फार आवडला. आंटींना सांग." मी तो मेसेज परत परत वाचला. पहिला घास गेला पोटात. झकास. एवढा खूश मी दहावी सुटलो तेव्हा पण नव्हतो.

२ मार्च

आता आठवड्यातून दोनदा जातो. काकांच्या दातांना कवच कडक लागतं असं काकू म्हणाल्या. म्हणून मी बाहेर काढल्या काढल्या ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतो, मऊ पडतो. मीठ पण थोडं कमी केलं, त्यांचं बीपी. बदला घ्यायचा तर माल फर्स्ट क्लास पाहिजे. असा पाहिजे की त्याच्याशिवाय यांचा दिवस सुरू व्हायला नको. मगच पुढची मजा.

आंटीबद्दल काकू रोज विचारतात. नवरा बोटीवर होता, वारला. मुलगा कॅनडात. गुडघा दुखतो. बोलता बोलता मी तिला एक मांजर पण दिलं. आता मलाच ती बाई दिसायला लागली आहे. परवा खरंच मढला होतो, जेटीवर एक म्हातारी सुकट निवडत बसलेली, मी जवळजवळ "गुडघा कसा आहे" विचारलं असतं.

काकूंनी आंटीसाठी मेतकूट दिलं, काचेच्या बरणीत. आणि गुडघ्यासाठी स्वतः कढवलेलं तेल. तेल आईला दिलं, म्हटलं शूटिंगवर कोणीतरी दिलं. आईने झाकण उघडून वास घेतला. माझ्याकडे बघितलं. मग पायजमा वर करून गुडघ्याला लावायला बसली. 

१९ मार्च

गुढीपाडवा. काकूंनी घरी चक्का टांगून श्रीखंड केलं. केशर, चारोळ्या, सगळं. डबा माझ्या हातात दिला. "आंटींना दे. म्हणावं बरणी-डबे पाठवायची घाई नाही. आणि रिकामे कसे पाठवायचे असा संकोच नको, तुमचा ब्रेड येतोच आहे."

मी जिन्यात बसून ते श्रीखंड खाल्लं. चांगलं होतं म्हणून अजून राग आला.

माझ्या आईला इतकी वर्षं मूठभर साखर. आणि जी बाई जन्मालाच आली नाही तिला केशर घालून श्रीखंड.

डबा घासून आमच्या ओट्याखाली ठेवला. तिथे आता काकूंच्या डब्या-बरण्यांची रांगच झालीये. आई रोज तिथून पातेली काढते. बघत नसेल बहुतेक.

१५ एप्रिल

काल जयंती. आईने परत खीर केली, परत डबा गेला. लिहायला लाज वाटते, पण मला वाटलं होतं यावेळी खातील. दोन महिने माझ्या हातचं खातायत, माहीत नसेना का. पोटाला तर ओळख झाली असेल.

आज पायरीवर शकुमावशी. तीच पिशवी. "काजू काय घालते रे तुझी आई! माझा नातू काजू वेचून खातो."

वर आलो ते डोकं फिरूनच. आज ब्रेडचा दिवस होता. ओट्याखाली धुण्याच्या सोड्याचं पाकीट आहे. ते हातात घेतलं. दिसायला खायच्या सोड्यासारखाच. कोणाला काय कळणार? म्हणतील आंटीची चूक झाली. थोडी पोटं जळतील, माझं दोन महिने जळतंय.

किती वेळ उभा होतो माहीत नाही. मग काकांचा तो टोस्ट डोळ्यासमोर आला, चहात बुडवून खातात ते, कोपऱ्यापासून, लहान पोरासारखं. पाकीट परत ठेवलं. उगाच ब्रेडची चव बिघडली असती.

यंदा बुद्धपौर्णिमा आणि महाराष्ट्र दिन एकाच दिवशी आहेत. एक मेला संध्याकाळी सोसायटीचा कार्यक्रम असतो, माइक असतो, सगळे असतात. त्याच दिवशी. शूटिंगवरचा एक जण मे महिन्यात स्पितीला कॅम्पवर चल म्हणतोय. म्हटलं, एक तारीख होऊ दे, दोनला निघतो. इथे मग काय काम आहे माझं?

२८ एप्रिल

काकूंनी स्वतःच सापळ्यात पाय टाकला! कार्यक्रमाला प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचाय. त्या म्हणाल्या, "आंटींना म्हणावं दोन मोठे ब्रेड दे. मी लसणाची चटणी करते. सगळ्यांना चाखू दे."

दारातून निघताना काका म्हणाले, "धम्मपाल, बनवणाऱ्याला माझा नमस्कार सांग. समोरच राहत असल्यासारखा वेळेवर पाठवतात."

चांगले आहेत काका. काकांसाठी थोडं वाईट वाटतं.

१ मे

झालं. जसं झालं तसं लिहितो.

आई सकाळी विहारात जाऊन आली होती, संध्याकाळी पांढऱ्या साडीतच खाली आली. मागे खुर्च्यांच्या थप्पीजवळ उभी. टेबलावर माझे दोन ब्रेड, बाजूला काकूंची चटणी आणि त्यांच्या सुंदर अक्षरात चिठ्ठी: "रोझी आंटी, मढ यांजकडून." लोक खात होते. वा वा करत होते. पोरांचा डान्स संपला आणि मी माइक घेतला. 

म्हटलं, "हा ब्रेड रोझी आंटीचा नाही. रोझी आंटी कोणी नाहीच. हा आमच्या स्वयंपाकघरात झालाय. पातेलं माझ्या आईचं, ताक माझ्या आईचं, हात माझे. उत्तराकाकू, फेब्रुवारीपासून तुम्ही आमच्या घरचं खाताय."

मी थांबलो. आता काहीतरी फुटेल म्हणून.

टाळ्या पडल्या. टाळ्या! सेक्रेटरी माइकवर आले, "वा रे पठ्ठ्या! आपल्याच बिल्डिंगमध्ये स्टार्टअप, आणि पत्ता नाही कोणाला!" कोणीतरी ऑर्डर कशी द्यायची ते विचारलं. काकू पण हसत होत्या, टाळ्या वाजवत होत्या. मला वाटलं मी येडा आहे का? कोणालाच काही लागलं नाही?

मग गर्दी आइस्क्रीमकडे गेली आणि काकू माझ्याजवळ आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, "पहिल्या दिवसापासून माहीत होतं रे मला. तुमचा-आमचा डक्ट एक. भाजायला लागलास की आमच्या ओट्यावर वास. हे तर घड्याळ लावायचे त्याच्यावर."

"मग खाल्लात कसा?"

"रोझी आंटीचा म्हणून खाल्ला."

"आणि आईची खीर?"

 मग म्हणाल्या, "ती तुझ्या आईच्या नावाने येते ना. नाव घेतलं नाही की सगळं चालून जातं बघ. आमच्या सासूबाई गेल्या, पण घरात त्यांचे सगळे नियम आहेत अजून, मी काय करू? तू एवढं छान जमवलं होतंस. मला वाटलं, तुला पण कळलंय. कशाला बोललास सगळ्यांसमोर? आता मला घेता येणार नाही. ह्यांच्या टोस्टचं मी काय करू, सांग!"

डोळ्यांत पाणी होतं. खरं पाणी. ह्याच तोंडासाठी मी अडीच महिने जागचा हललो नव्हतो. ते समोर होतं आणि मला कळेना त्याचं करायचं काय.

मागे वळलो तर आई. हातात रिकामा चहाचा कप. सगळं ऐकलेलं.

लिफ्टमध्ये आम्ही दोघंच. मी म्हटलं, "आई, तुला सांगायचं नव्हतं मला, ती खीर..."

"शकु खाते. पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे." आई आकड्यांकडे बघत होती. "म्हणून तर काजू घालते भरपूर. उत्तराताईला काजू सोसत नाहीत, अंगावर गांधी उठतात."

मला आधी हसूच आलं. मग म्हटलं, "मग तिच्या दारात पाठवतेस कशाला? सरळ शकुमावशीला दे की."

"नाही म्हणावं तिनं. तोंडानं. एकदा तरी. 'चंपाताई, आम्ही तुमच्याकडचं खात नाही.' एवढं म्हण, मी जाते आपल्या रस्त्याने. पण बाई गोडच बोलते बापा. दर वेळी डबा द्यायचा, तिचं तोंड बघायचं. कधीतरी म्हणेल." लिफ्ट थांबली. "आज म्हणाली."

घरात येऊन तिने साडी बदलली नाही. ओट्याखालून काकूंच्या बरण्या, डबे एक एक करून काढले. मेतकुटाची, तेलाची, लोणच्याची, श्रीखंडाचा डबा. सगळं पुन्हा घासलं, पुसलं, पालथं घातलं. मी साखरेचा डबा पुढे केला.

म्हणाली, "ठेव तो."

२ मे

पिशवी घेऊन बेल वाजवली. काकांनी दार उघडलं. पायजमा, बनियन, हातात चहाचा कप, कपात बुडवायला काही नाही.

"आईने पाठवलंय."

काकांनी तिथेच दारात एक बरणी काढली, झाकण फिरवलं, आत बघितलं. मग दुसरी. मग डबा उघडला. तळाला त्यांचंच तोंड दिसलं असेल, एवढा घासला होता आईने. झाकण परत लावायला त्यांना वेळ लागला.

आतून काकू, "कोण आहे हो?"

"डबे आलेत."

"काय आहे आत?"

काका मला म्हणाले, "बरोबर आहे चंपाताईंचं." आणि दार हळूच लावलं. नेहमी ते मी लिफ्टमध्ये जाईपर्यंत उघडं ठेवतात.

स्पितीवाल्याचा फोन आला होता. उचलला नाही.

५ मे

आई म्हणाली, "पातेलं रिकामं पडलंय, काळं तर तू केलंच आहेस." म्हणजे काय ते मला कळलं.

सकाळी ताक घेतलं, आंबट. जागचा हललो नाही. दोन मेथीवाले भांडत होते खाली, चांगलं कडाक्याचं भांडण, तरी गेलो नाही. फुली मारली, झाकण ठेवलं. मग ओट्यावर चढलो, डक्टकडची खिडकी पूर्ण उघडली, दोन्ही काचा. एक्झॉस्ट फॅन साफ केला आणि चालू केला. सगळा वास सरळ समोर.

आता हे रोज. अर्धा ब्रेड शकुमावशीला, अर्धा आम्हाला. समोर फक्त वास. बदला अजून पुरा झालेला नाही म्हणून इथे आहे, नाहीतर मी कधीच गेलो असतो. स्पितीवाल्याला तसं कळवलं. म्हणाला किती दिवस? म्हटलं, बघू.

ब्रेड काढला, ओल्या फडक्यात गुंडाळला, सवयीने. मग खिडकीजवळ कान देऊन उभा राहिलो. काकूंच्या खिडकीची कडी गंजलेली आहे, लावली की करकरते, लहानपणापासून ओळखतो मी तो आवाज.

बराच वेळ उभा होतो. कडी वाजली नाही.